हलकं काम

जवळ येऊ नका मित्रांनो, तिथूनच ऐका. मला हात लावलात तर आधी साबणाने हात धुवा, मग पुढचं बोलू. मी फवारणीचा जुना पंप आहे. सोळा लिटरची निळी टाकी, पाठीवर घ्यायचे दोन पट्टे, डाव्या हाताने हलवायचा दांडा आणि उजव्या हातात धरायची नळी, तिच्या टोकाला पितळी नोझल. नेवासा तालुक्यात, घोडेगावच्या अलीकडे एक वस्ती आहे. तिथल्या घरालगत पत्र्याची शेड आहे आणि त्या शेडमध्ये मी खिळ्याला टांगलेला असतो.

आमच्यासारख्यांनी आपली गोष्ट जन्मापासून सांगायची, असा रिवाज आहे. सांगेन की. पण त्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती मनात असताना मला दुसरं काही सुचत नाही. या घरची धाकटी सून निकिता हिला दिवस गेले आहेत. दीड महिना होत आला. ही बातमी तिला, तिचा नवरा रविराजला आणि सासू भागिरथीबाईंना ठाऊक आहे. चौथा मी, कारण कुजबूज शेडमध्येच झाली. बाकी कुणालाही सांगायचं नाही असं ठरलं आहे. आणि उद्या सकाळी निकिता माझ्यासाठी औषध कालवणार आहे. ही तिसरी वेळ. आधीच्या दोन वेळा तर तिचं तिलाच पक्कं माहीत नव्हतं.

तिच्या बाळाचं काय होईल, या एकाच भीतीपायी मी आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात फुगवलं आणि मी बाहेर आलो. एका मुलीने माझ्या पोटावर एक कागद चिकटवला. त्यावर एका माणसाचं चित्र होतं. त्याच्या हातात मोजे, डोळ्यांना चष्मा, तोंडाला फडकं आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट होते. मला वाटलं, मला वापरणारे लोक असेच नटूनथटून येत असतील. पहिल्या हंगामातच तो कागद निघून गेला, आणि तसा माणूस मी आजपर्यंत एकदाही पाहिला नाही.

या घरचा थोरला मुलगा सचिन याने मला घोडेगावच्या दुकानातून आणलं, त्याला अकरा वर्षं झाली. दसऱ्याला मला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. त्याच साली शिवारभर कांद्यावर करपा पडला. सगळ्यांची पात वाळली, सचिनच्या दीड एकराची हिरवीगार राहिली. लोक बांधावर थांबून म्हणायचे, "सचिनचा पंप लई भारी हाय राव!" मीही फुशारलो. माझ्यातून उडालेला बारीक फवारा वाऱ्याबरोबर कुठं जातो, कुणाच्या अंगावर बसतो, असला विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

मी जे वाहतो त्याला आमच्याकडं औषध म्हणतात. बाटलीवर पिवळा त्रिकोण असतो आणि त्यात चक्क विष असं लिहिलेलं असतं. बाटलीसोबत बारीक अक्षरांची एक घडी केलेली पत्रिका येते. ती आमच्या शेडमध्ये चूल पेटवायला जाते.

दोन-तीन वर्षांत माझ्या झाकणाचा वॉशर झिजला आणि मी गळायला लागलो. सचिनने झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी अडकवली आणि वरून सुतळी बांधली. झालं दुरुस्तीचं काम! फवारून आला की त्याचा शर्ट पाठीवर ओला असायचा. तो शर्ट घरातल्या सगळ्या कपड्यांत पडायचा, आणि ते कपडे वृषाली हाताने धुवायची.

वृषाली ही सचिनची बायको, या घरची थोरली सून, कोपरगावकडची. हसरी पोर होती. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिने त्याच दिवशी माहेरी फोन केला, शेजारणींना सांगितलं. दुसऱ्या महिन्यातच ते बाळ गेलं. असं पुष्कळ जणींचं होतं आणि बऱ्याचदा त्याचं कारणही सापडत नाही. पण भागिरथीबाईंना कारण सापडलं. त्या म्हणाल्या, "नजर लागली. सगळ्या गावाला सांगत सुटली हुतीस ना!"

म्हणून दुसऱ्या वेळी त्यांनी सुनेला शपथच घातली. "तीन महिने भरंपर्यंत तोंडातून ब्र काढायचा न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

भागिरथीबाई वाईट नाहीत, मित्रांनो. त्यांना वाईट ठरवून मला मोकळं होता येत नाही. त्या वृषालीला पाण्याची कळशी उचलू देत नव्हत्या. दुधावरची साय तिच्यासाठी बाजूला काढत होत्या. फक्त एकच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. गावची आशाताई दिपाली महिन्यातून एकदा वस्तीवर यायची, तिच्या पिशवीत बारीक पिवळ्या गोळ्या असायच्या. ओट्यावर टेकून ती विचारायची, "काय मावशी, सुनेची काही बातमी?" भागिरथीबाई म्हणायच्या, "कशाची बातमी न् काय! च्या घेती का सांग." वृषाली दाराआड उभी राहून ऐकायची. दिपाली चहा पिऊन जायची आणि गोळ्या पिशवीतून तशाच परत जायच्या. हे एकदा नाही, तीनदा झालं.

त्या वर्षी दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण लागलं. भागिरथीबाईंनी दुपारपासून वृषालीला मधल्या खोलीत बसवलं. खिडकीला गोधडी लावली. विळी, सुरी, कात्री, सुई, सगळं उचलून माळ्यावर टाकलं. ग्रहणात गरोदर बाईने काही कापलं, चिरलं, तर बाळात व्यंग येतं, असं त्या त्यांच्या सासूकडून ऐकत आलेल्या. वृषालीला तहान लागली होती, तरी पाणी दिलं नाही. ग्रहण सुटल्यावर तिला आंघोळ घातली आणि मगच जेवायला वाढलं. केवढा बंदोबस्त!

दुसऱ्या दिवशी सकाळी कांद्याच्या फवारणीला सुरुवात झाली. सचिनने मला खिळ्यावरून काढलं. वृषाली नेहमीप्रमाणे मला उचलायला पुढे आली, तशा भागिरथीबाई धावल्या.

"आगं, वजन उचलू नगंस! सचिन हाय ना. तू नुसतं औषध कालव, हलकं काम हाय."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. वृषालीने बांगड्या वर सारल्या आणि औषध-पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घातला. काठीने कालवलं तर औषधात मिसळलेल्या पावडरीचे गोळे राहतात आणि माझं नोझल चोंदतं, म्हणून हाताने कालवायचं, ही आमच्याकडची रीत. तरीही ते चोंदलंच. मग तिने नोझल काढलं, ओठांत धरलं आणि फुंकून साफ केलं. सगळेच करतात. मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडायला आम्हाला आवाज कुठला!

दर आठव्या दिवशी असं झालं. एकूण पाच वेळा. प्रत्येक वेळी तिला सांभाळायचं म्हणून हलकं काम दिलं.

चौथा महिना लागल्यावर भागिरथीबाईंनी पेढे वाटले. दिपालीने नाव नोंदवलं आणि कपाळावर हात मारला. "मावशी, पहिल्या दीड-दोन महिन्यांतच बाळाचा कणा, काळीज, ओठ, सगळं घडतं. ही पिवळी गोळी त्याच्याही आधीपासून पोटात जायला पाहिजे. तुम्ही आत्ता सांगताय!" भागिरथीबाईंनी तिच्या हातावर दोन पेढे जास्त ठेवले.

पाचव्या महिन्यात सचिन, वृषाली आणि भागिरथीबाई नगरला सोनोग्राफीला गेले. सकाळी गेले ते दिवेलागणीला परत आले. पुढं ओट्यावर बसून वृषालीने दिपालीला सगळं सांगितलं, ते मी ऐकलं. बाळाच्या पाठीचा कणा खालच्या बाजूला मिटलेलाच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी खूप प्रश्न विचारले. लग्न नात्यातलं आहे का? घरात कुणाला असं झालं होतं का? साखरेचा आजार? तंबाखू, मिश्री? दुकानातून परस्पर कसल्या गोळ्या घेतल्या? फोलिक अ‍ॅसिडची पिवळी गोळी कधी सुरू केली? शेतात फवारणीच्या औषधाशी संबंध आला होता? बाकीच्यांना नाही म्हणून शेवटच्या दोन प्रश्नांना वृषालीने घडलं तसं सगळं सांगितलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "नेमकं एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. पण गोळी मिळायला पाहिजे होती, आणि त्या औषधात हात घालायला नको होता."

म्हणजे मीच केलं का? हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. नाही असंही कुणी म्हणालेलं नाही.

मुलगी झाली. तिचं नाव संस्कृती. दुसऱ्याच दिवशी पुण्याला नेऊन तिची पाठ शिवली. पुढे डोक्यात पाणी साठायला लागलं म्हणून आणखी एक ऑपरेशन झालं. आता ती साडेतीन वर्षांची होत आली आहे. तिचे पाय हलत नाहीत, आणि तिसरं ऑपरेशन व्हायचं आहे. तुम्ही तिची कीव करू नका, तिला खपत नाही. वस्तीवरची सगळ्यात बडबडी पोर आहे ती. कोंबड्यांना नावं तिनंच ठेवली आहेत. एकदा ती हातांवर सरपटत शेडमध्ये आली आणि मला ढोलासारखं बडवायला लागली. वृषाली किंचाळत आली, तिला उचललं, आणि तिचे हात तीनदा साबणाने धुतले. माय रडत होती आणि लेक हसत होती. त्यानंतर वृषालीने शेडमध्ये पाय टाकला नाही. सचिन संस्कृतीच्या दवाखान्याच्या खेपांसाठी टेम्पोवर लागला, आणि शेती रविराजकडे आली.

आणि भागिरथीबाईंनी निकाल देऊन टाकला, "हिनं ग्रहण पाळलं न्हाई. कायतरी कापलंच आसंल!" चोर सोडून संन्याशाला फाशी! सचिन आईपुढं गप्प बसला. शेजारणी कुजबुजल्या. आणि सगळ्यात वाईट काय झालं सांगू? वृषालीलाही ते खरं वाटायला लागलं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिने मनात खोल पुरून टाकलं, आणि आपल्या हातून त्या संध्याकाळी काय झालं हे आठवत बसायची. ती एकदा दिपालीला म्हणाली, "ताई, म्या नख तोडलं असंल का ओ दातानं? मला आठवतच न्हाई." तिने काहीही कापलं नव्हतं. खोली बंद होती, भागिरथीबाई स्वतः दारात बसून होत्या, आणि शेडच्या फटीतून ते दार मला दिसत होतं.

निकिता मागच्या वर्षी या घरात आली. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा भागिरथीबाई तिला शेडमध्ये घेऊन आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तीन महिने कुणाला सांगायचं न्हाई. वृषालीला तर मुळीच न्हाई. तिची सावली नगं पडायला." ते ऐकून मला या घरात टांगून राहायचीही लाज वाटली.

मित्रांनो, इथपर्यंत आदल्या दिवशी सांगून झालं होतं. आता त्या सकाळचं ऐका, तिला तीन-चार दिवस झाले.

ड्रम भरून ओट्याजवळ ठेवला होता. रविराजने मला काढलं आणि माझं झाकण उघडलं. निकिता मला उचलून टेकवायला ड्रमपाशी आली, औषधाच्या बाटलीचं बूच काढलं, आणि त्या वासाने तिला उमळून आलं. ती ओट्याला धरून वाकली. अंगणात वृषाली संस्कृतीला भाकरी भरवत होती. तिने वर पाहिलं.

भागिरथीबाई लगबगीने आल्या. त्यांच्या तोंडून सवयीने निघालं, "आगं, वजन उचलू नगंस! तू नुसतं औषध कालव, हलकं काम हाय."

वृषालीच्या हातातला घास तिथंच राहिला. ती उठली, सरळ आली आणि तिने निकिताचं मनगट धरलं.

"किती दिवस झाले?"

निकिताने सासूकडे पाहिलं. भागिरथीबाई म्हणाल्या, "कशाचे दिवस? पित्त झालंय तिला."

"आत्याबाई, हेच बोलला हुतात तुमी मला. ह्याच ड्रमापाशी." वृषाली जावेकडं वळली. "निकिता, खरं सांग."

"दीड महिना," निकिता म्हणाली आणि रडायलाच लागली.

समोरच्या रस्त्याने दिपाली स्कूटीवरून चालली होती. वृषाली अंगणाच्या कडेला धावली आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "दिपालीताई! थांबा! आमच्या निकिताला दिवस गेलेत! दीड महिना झालाय! नाव लिहा तिचं!"

शेजारच्या रानात कांदा खुरपणाऱ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. भागिरथीबाईंनी तोंडावर पदर घेतला. "आगं काय केलंस हे! नजर लागंल, तीन महिने तरी हू द्यायचे!"

"नजर लागली तर मीठमोहऱ्या उतरून टाकू आत्याबाई. ह्या ड्रमातलं कशानं उतरवायचं, सांगा ना मला!"

भागिरथीबाईंनी तोंडावरचा पदर सोडला. त्या ओट्यावर खाली बसल्या.

दिपाली आली. आधी तिने निकिताला साबणाने हात-तोंड धुवायला लावलं आणि साडी बदलायला सांगितली. मग वही उघडून विचारलं, "याआधी कितीदा कालवलंस?"

"दोनदा. मागच्या शुक्रवारी, अन् त्याच्या आदल्या."

"नोझल फुंकलं होतंस?"

"एकदा."

दिपालीचा पेन थांबला. निकिता तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझं बाळ नीट असंल ना, ताई?"

"बहुतेक बाळं नीटच असतात निकिता. पण खोटं कशाला सांगू, आज मला नक्की सांगता येणार नाही. आजपासून गोळी. आज डॉक्टरांना दाखवायचं, झालेलं सगळं त्यांना सांगायचं. अठराव्या आठवड्यात नगरला सोनोग्राफी. आणि या ड्रमजवळ पुन्हा यायचं नाही."

भागिरथीबाई उठल्या आणि त्यांनी तांब्या भरून आणला. पिवळी गोळी दिपालीच्या हातातून घेऊन त्यांनी स्वतः निकिताच्या तळहातावर ठेवली. निकिताने गोळी गिळली. मग त्या वृषालीकडे वळल्या आणि कशाबशा म्हणाल्या, "तू ग्रहणात काय बी कापलं न्हवतंस बाई. म्याच बसले हुते दारात." वृषाली संस्कृतीला कवटाळून खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. साडेतीन वर्षांत ती सगळ्यांसमोर पहिल्यांदाच रडली.

त्याच दुपारी रविराजने मला उचललं आणि विहिरीपलीकडच्या खोपटात, कुलपाच्या आत टांगलं. हातमोजे, तोंडाचं फडकं आणि कालवायला लांब दांडा आणल्याशिवाय मला हात लावायचा नाही, असं त्याने ठरवलंय. जुन्या वस्तूंना अडगळीत पडल्याचं दुःख होतं म्हणतात. मला झालं नाही. हे आधीच व्हायला हवं होतं, एवढंच वाटलं.

मित्रांनो, तुमच्या घरी ताई आहे, काकू आहे, वहिनी आहे. तुम्ही लहान असलात तरी तुम्हाला बोलता येतं, मला नाही. घरात बाळ हवं असं ठरलं की तेव्हापासूनच त्या बारीक गोळीचं आशाताईंना, डॉक्टरांना विचारायला सांगा. दुकानातून परस्पर आणलेली गोळी, मिश्री, फवारणीचं औषध आणि फवारलेले कपडे तिच्यापासून लांब ठेवायला सांगा. बातमी हवी तर गावापासून लपवा, पण दवाखान्यापासून लपवू नका. आणि एखादं बाळ वेगळं जन्माला आलं, तर त्याच्या आईला तू काय केलंस असं विचारू नका.

दोन शुक्रवारी माझ्यामुळं निकिताच्या अंगात काय गेलं आणि काय नाही, हे मला ठाऊक नाही. तिच्या सोनोग्राफीला अजून बारा आठवडे आहेत. खोपटाच्या फटीतून मला ओटा दिसतो: ती रोज सकाळी गोळी घेते, भागिरथीबाई पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभ्या राहतात, आणि दोघींपैकी कुणीच बाळासाठी अजून एकही झबलं शिवायला घेतलेलं नाही.